गाडीची समजूत

नागपूरच्या मनीषनगरात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ऑटोमॅटिक घेतली न?" रंग, किंमत, मायलेज हे सगळं नंतर. प्रश्न रास्तच आहे. ज्या वस्तीला वर्धा रोडवर जायचं तर रेल्वेलाइन ओलांडावी लागते, तिथल्या माणसाचा डावा गुडघा ही कुटुंबाची सामाईक मालमत्ता असते. फाटकाच्या काळी निदान गाडी बंद करून भुईमुगाच्या शेंगा खाता यायच्या. आता पूल झाले, भुयारी मार्ग झाले. थांबायचं कारण गेलं, थांबणं तेवढं राहिलं. दाब, पहिला टाक, सोड, चार हात सरक, पुन्हा दाब. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या हप्त्यात बसू लागली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीला तिसरं पेडल दिसलं, तर मुलगा अजून सेटल व्हायचाय असं समजतात.

अशा वस्तीत आमच्या भाऊजींनी धडधाकट ऑटोमॅटिक मर्सिडीज खोलून तिच्यात क्लच बसवला. 'धडधाकट' हा शब्द माझा, भाऊजींचा नव्हे.

गाडी म्हणजे ई-२२०, १९९६ ची. जाणकार या मॉडेलला डब्ल्यू-१२४ म्हणतात, आमचा वॉचमन 'जुनी मोठी' म्हणतो. लोक तिला जर्मन समजतात, पण जन्माने ती पिंपरीची. १९९४ साली मर्सिडीज-बेंझने भारतात कंपनी काढली, टेल्कोला सोबत घेतलं, आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात हे मॉडेल तयार होऊ लागलं. त्याआधी मर्सिडीजचा तारा आपल्याकडे दिसायचा तो ट्रकच्या नाकावर. १९५४ च्या करारापासून टाटांचे ट्रक 'टाटा मर्सिडीज-बेंझ' म्हणून धावत होते. आमच्या आजोबांना मर्सिडीज म्हटलं की संत्र्याच्या पेट्या आठवायच्या. तर गाडी कुळाने जर्मन आणि संस्काराने पुणेरी. बंद पडली तरी चूक तुमचीच आहे, अशी तिची मुद्रा असते. १९५३ च्या नागपूर करारापासून तिकडे वापरून झालेलं तेवढं विदर्भाच्या वाट्याला येतं, असं आमच्याकडे मानतात. त्या परंपरेला जागून ही गाडीही पुण्याचे मालक करून करून मग भाऊजींच्या पदरात पडली.

तिचा दोष वयाचा होता. चार गिअरांची ऑटोमॅटिक पेटी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती घुटमळायची. इंजिन ओरडायचं, गाडी जागची वेग घ्यायची नाही, आणि मग मागून कुणी धपाटा घातल्यागत तिसरा पडायचा. या जुन्या पेटीत कॉम्प्युटर नसतो. आत तेलाचा दाब, एक व्हॅक्यूमची नळी, एक केबल आणि बारीक बारीक गल्ल्यांचं व्हॉल्व्हचं घर. गाडीचा वेग एक म्हणतो, तुमचा उजवा पाय दुसरं म्हणतो, आणि कोणता गिअर टाकायचा याचा निवाडा तेल करतं. तेल म्हातारं झालं, घर्षणाच्या चकत्या झिजल्या, की तारखा पडू लागतात. दुरुस्ती होत नाही असं नाही. पण ती जाणणारा माणूस शोधा, चकत्यांचा संच बाहेरून मागवा, आणि त्याने पेटी बंद करून हातात दिली की देवाचं नाव घ्या.

भाऊजींची नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. जे उघडून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडात आहे. "गिअर मी ठरवणार," त्यांनी जाहीर केलं. त्या घरात यापूर्वी काहीही त्यांनी ठरवलेलं मला आठवत नाही.

सरळ मार्ग उघडा होता. हेच मॉडेल याच पिंपरीतून पाच गिअरांच्या हाती पेटीसह निघालेलं आहे. ही विकायची, ती घ्यायची. हा सल्ला भाऊजींना सगळ्यांनी दिला. पोहेवाल्यानेही दिला, तर्री वाढता वाढता. भाऊजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "मग त्यात मी काय केलं?"

उस्ताद सापडले घाट रोडवर. "होते न भाऊ, त्यात काय," म्हणाले. नागपुरात एखादं काम होत नाही असं सांगणारा मिस्त्री मी पाहिलेला नाही. होत नाही हे काम सुरू झाल्यावर कळतं. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर सामानाची यादी काढायला घेतली. भाऊजींच्या हिशेबात यादी एका ओळीची होती, गिअरबॉक्स. उस्ताद लिहितच सुटले. फ्लायव्हील, कारण ऑटोमॅटिकच्या इंजिनामागे नुसती एक पातळ चकती असते आणि तिला तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर टांगलेला असतो. क्लच घासायला जड, सपाट फ्लायव्हील लागतं. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. पायाशी पेडल. पेडलामागे मास्टर सिलिंडर, पेटीजवळ स्लेव्ह सिलिंडर, दोघांमध्ये लाइन. गिअरचा दांडा आणि त्याच्या खालच्या सळ्या. पेटी तोलून धरायची आडवी पट्टी. मागे चाकांकडे जाणारा शाफ्ट. पत्रिकेची पाठ भरली, उस्ताद वधूपक्षाच्या नावांवर लिहू लागले.

सामान मुंबईहून आलं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, ट्रॅव्हल्सच्या बसच्या पोटातून, गोणपाटात. ताईला "थोडं सामान येणार आहे" एवढंच सांगितलेलं. दोन माणसांनी लिफ्टने वर आणलेलं ते थोडं सामान हॉलमध्ये दिवाणाशेजारी टेकलं, तेव्हा ताई काही बोलली नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. बोलायची वेळ तिला बरोबर कळते. दुसऱ्या दिवशी भाऊजी बाल्कनीत पेटी रॉकेलने धूत होते आणि ब्रश तिचा भांड्याचा होता, तेव्हा ती बोलली. ते इथे छापण्याजोगं नाही.

काम निघालं मे महिन्यात, नवतपा तोंडावर असताना. उस्तादांच्या गॅरेजात इतके दिवस जागा अडवून चालणार नव्हतं, म्हणून गाडी आमच्याच पार्किंगमध्ये घोड्यांवर चढवली. पहिल्याच दुपारी गाडीखालून आवाज आला, "भाऊ, कूलर भेटन काय?" नागपुरात मे महिन्यात कूलर मागणं म्हणजे काय मागणं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. भाऊजींनी हॉलमधला कूलर खाली आणला, वाळा भिजवला आणि तोंड गाडीकडे केलं. त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतली सर्वांत गार जागा मर्सिडीजची खालची बाजू होती. साहजिकच माणसं जमली. कामाला बघे जमतातच, पण इथे वाळ्याचा वासही होता. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सेवानिवृत्तांची सकाळची बैठक दुपारी भरू लागली, आणि उघड्या गाडीपाशी बसलेल्या माणसाला यांत्रिकीचं ज्ञान आपोआप होतं, या नियमाने सगळेच सल्लागार झाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा विषय कायदा. ते खुर्चीतूनच म्हणाले, "कलम ५२!" मोटार वाहन कायदा, १९८८, नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. खुर्च्यांमध्ये शांतता पसरली. ज्या खात्याने जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आणलं, त्या खात्याचे मंत्री आमच्याच शहराचे खासदार. तेव्हा इथे अशा गोष्टी हलक्याने घेत नाहीत. भाऊजींनी आरसी आणलं. काकांनी चष्मा लावून एकेक रकाना मोठ्याने वाचला. रंग होता. इंधन होतं. चासी नंबर, इंजिन नंबर, सीसी, बसायच्या जागा, सगळं होतं. गिअरबॉक्स? त्याला रकानाच नाही. सरकारच्या लेखी गाडी पांढरी आहे की निळी याला महत्त्व आहे, पण ती गिअर कशी बदलते ही तिची खासगी बाब आहे. "म्हणजे झालंच नाही काही," काकांनी निकाल दिला. घोड्यांवर पोट उघडं टाकून पडलेल्या गाडीकडे बघत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग काम अडलं. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग लागतं, रुपयापेक्षा थोडं मोठं. हाती पेटीच्या शाफ्टचं नाक त्यात टेकतं. ऑटोमॅटिकला त्याची गरज नसल्यामुळे ती जागा रिकामी होती, आणि यादीत, वधूवरांच्या नावांवरून लिहूनही, ते राहिलं होतं. एवढ्याशा कडीसाठी फ्लायव्हील, क्लच, पेटी सगळं जमिनीवर वाट बघत बसलं. ते येईपर्यंत उस्ताद दुसऱ्या कामाला गेले, कूलर मात्र चालू राहिला. बैठक मोडायला कुणी तयार नव्हतं.

या मोकळ्या दिवसांत भाऊजींनी ताईला इतिहासाने जिंकायचा प्रयत्न केला. १८८८ साली बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फॉर्झहाइमला घेऊन गेली, शंभरावर किलोमीटर. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. चढावर गाडी चढेना, पोरांनी ढकलली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर बसव. कार्लने बसवला. "म्हणजे पाह्य," भाऊजी म्हणाले, "जास्तीचा गिअर पाहिजे हे पहिल्यांदा बायकोनं सांगितलं."

"तिनं गाडी चालवून आल्यावर सांगितलं," ताई म्हणाली. "तुम्ही गाडी खोलून बसले आहात."

कडी आली, पेटी चढली, सळ्या जुळल्या. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. इथे या सगळ्या उद्योगातली खरी गंमत सुरू होते. लोखंड बदलणं घाम गाळून होतं. पण गाडीला आपण ऑटोमॅटिक आहोत ही जी समजूत असते, ती काढायला पाना चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी दांडा 'पी' किंवा 'एन'वर असल्याशिवाय स्टार्ट होत नाही, आणि ती खबर देणारा स्विच जुन्या पेटीच्या अंगावर होता. पेटी गेली, खबर बंद झाली. गाडी आपली निरोपाची वाट बघत थांबलेली. उस्तादांनी दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या, वरून काळी टेप. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. टाळ्या वाजल्या. पण याचा अर्थ असा की गाडीला आता जन्मभर वाटत राहणार, दांडा 'पी'वर आहे. तिच्या इंजिनच्या कॉम्प्युटरला विचाराल तर त्या दिवसापासून ती पार्किंगमधून हललेलीच नाही.

राहिली क्लचची हवा. मर्सिडीजचा क्लच तारेने नाही, तेलाने ओढतात. ते तेल ब्रेकच्याच डबीतून येतं. नव्या लाइनीत हवा असते, ती पेडल मारून मारून काढावी लागते. उस्ताद गाडीखाली, भाऊजी डबीत तेल ओतायला बॉनेटपाशी. पेडलवर कोण? ताई गाऊनवर ओढणी टाकून "जेवायला येता का" एवढंच विचारायला खाली आली होती. तिला सीटवर बसवलं.

"दाबा वहिनी." ताईने दाबला. "धरा." धरला. खाली पाना फिरला, फुस्स झालं, बुडबुडे आले, पाना परत फिरला. "सोडा." पेडल वर आलंच नाही, तिथेच पडून राहिलं. "पायाने उचला वहिनी. हां. दाबा." हे असं चालू. वरून, दुसऱ्या मजल्यावरून, कुकरची शिट्टी. "धरा, धरा!" दुसरी शिट्टी. ताई उठायला लागली तर खालून आणि पुढून दोघे एकदम ओरडले, "पाय काढू नका, हवा जाते!" तिसरी. तेवढ्यात तिच्या नणंदेचा फोन आला आणि भर पार्किंगमध्ये आम्ही ऐकलं, "मी आत्ता बोलू शकत नाही, मी क्लच दाबून बसली आहे." वरणाचा वास खाली पोचला तेव्हा पेडल ताठ झालं होतं. उस्ताद गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा पाय एक नंबर आहे." शाळेतल्या इतक्या वर्षांत तिला असं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. कोणत्या सुरात म्हणाली ते सांगत नाही.

गाडी रस्त्यावर आली, आणि छान आली, हे मान्य करायला हवं. गिअर लोण्यातून पडतात असं म्हणणार नाही. दांड्याची चाल लांब आहे, तिसरा टाकायला हात डॅशबोर्डाच्या मुलखात जातो. पण पडतात. कोणता टाकायचा ते भाऊजी ठरवतात. फक्त दांड्याभोवतीची लाकडी पट्टी हाती गिअरवाली मिळाली नाही, त्यामुळे जुनीच आहे, 'पी आर एन डी' या अक्षरांसकट. दांड्याच्या गोळ्यावर मात्र एक ते पाच आकडे. आणि पायाशी चार पेडल, कारण या गाडीचा हॅण्डब्रेक पायाने लागतो आणि डॅशबोर्डची मूठ ओढून हाताने सुटतो. वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्नाला गेलो, तर गाडी लावायला आलेला पोरगा ऐटीत आत बसला. त्याने अक्षरं वाचली. मग आकडे वाचले. मग खाली वाकून पेडल मोजले. पुन्हा मोजले. दार उघडून उतरला आणि किल्ली दोन्ही हातांनी परत देत म्हणाला, "काका, तुम्हीच लावून द्या न."

आता हे पाच गिअर वापरायचे कुठे? घरातून निघाल्यापासून वर्धा रोडपर्यंत पहिला. फार तर पहिला आणि त्याची आशा म्हणून दुसरा. वर्धा रोडवर वरून मेट्रो, तिच्याखाली गाड्यांचा पूल, त्याखाली मूळ रस्ता, ३.१४ किलोमीटरचा हा दुमजली पूल गिनीज बुकात गेलाय. त्यावर भाऊजी तिसरा टाकतात, चौथ्याचा विचार करतात, आणि पूल संपतो. पाचव्यासाठी समृद्धीच गाठावी लागते. तीही आमच्याच शिवमडक्यापासून सुरू होते. मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा १२०. भाऊजी कारंजा लाडला गुरुमंदिराच्या दर्शनाला जाऊ लागले. त्यांच्या घराण्यात दत्ताची उपासना कधी नव्हती. ती गाडी सुधारल्यावर आली. मी एकदा सोबत गेलो. टोलनाक्याच्या पुढे त्यांनी दुसरा, तिसरा, चौथा असे मन लावून टाकले, पाचवा टाकला, आणि पुढे कारंज्याच्या फाट्यापर्यंत दांड्याला हात लावायचं कारणच आलं नाही. रस्ता सरळ, गाडी सरळ, डावा पाय रिकामा. "बघ कशी चालून राहिली," ते म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, ऑटोमॅटिकसारखी." परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. गाडीच्या मते आम्ही दोघं तेव्हाही पार्किंगमध्येच बसलो होतो.

मनीषनगरात पहिला, समृद्धीवर पाचवा. मधल्या तिघांना कामच नाही. हा हिशेब मी भाऊजींना कधी मांडून दाखवला नाही. ज्याने आपल्या घामाने क्लच बसवलाय त्याला वापराचा तक्ता दाखवू नये.

गुडघ्याने मात्र दाखवला. डावाच. धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला, कुठली गाडी, किती चालवता, कुठे राहता विचारलं. मनीषनगर ऐकल्यावर त्यांनी फोटो खाली ठेवला. "काका, ऑटोमॅटिक घ्या."

"होती," भाऊजी म्हणाले.

सध्या ते ताईची गाडी चालवतात. तिने आपल्या पेन्शनीतून, कुणाला न विचारता, एक छोटी एएमटी घेतलीय. डॉक्टरांकडून आम्ही तीतूनच परतलो. भुयारी मार्गाच्या तोंडाशी रांग लागलेली. पुढची गाडी थांबली, भाऊजींचा डावा पाय सवयीने क्लच शोधत खाली गेला, आणि क्लच नाही म्हटल्यावर रुंद ब्रेकवर पूर्ण वजनानिशी पडला. मागच्या सीटवरून मी दोन सीटांच्या मधे आलो. मागच्या स्कूटीवाल्याने जे सुनावलं ते शुद्ध नागपुरी होतं. चार हात सरकलो, पुन्हा तेच. ताईने पर्स मांडीवरून खाली ठेवली, समोर बघितलं आणि वर्गावर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "दाबू नका. धरू नका. सोडा."